घराबाहेरची कातरवेळ: वटवाघळं आणि आसपासचे जीव पाहायला सुरुवात कशी करावी

सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी घराबाहेर या आणि मोकळ्या आभाळाकडे मान वर करून थोडा वेळ उभे राहा. खाली अंधारलेलं असतं, वर अजून निळसर उजेड शिल्लक असतो. त्या उजेडात एक काळा ठिपका येतो, गर्रकन वळतो, खाली झेपावतो आणि छपराआड दिसेनासा होतो. सगळं मिळून दोन सेकंद. बघणारा बहुतेक वेळा म्हणतो, पक्षी असेल. पण त्या वेळेपर्यंत दिवसाचे पक्षी आपापल्या जागी परतलेले असतात, आणि पक्षी असा जागच्या जागी वळत नाही.

मला पहिलं वटवाघूळ असंच दिसलं. त्या घरात मी कित्येक वर्षं राहत होतो. ते रोज डोक्यावरून जात असणार, पण त्या वेळी मी कधी वर पाहिलंच नव्हतं. त्यानंतरच्या संध्याकाळी मी वेळ बघून बाहेर आलो, आणि ते पुन्हा त्याच कोपऱ्यावरून आलं. तेव्हापासून माझी संध्याकाळ बदलली.

दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, प्राण्यांची नावं येत नाहीत, तरी काही अडत नाही. फक्त एकाच जागी पुन्हा पुन्हा बसायची तयारी हवी. दहा वेगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन आलात तर दहा सुटी दृश्यं हाती लागतील. एकाच खिडकीत दहा संध्याकाळी बसलात तर कालच्यापेक्षा आज काय वेगळं घडलं ते कळायला लागेल. मला विचाराल तर निरीक्षण म्हणतात ते हेच.

बसायची जागा

अंगण, गच्ची, बाल्कनी, इमारतीच्या मागची मोकळी जागा, यातलं काहीही चालेल. तोंड आभाळाच्या उजळ भागाकडे करून बसा. सूर्य गेल्यावर पश्चिमेकडचा उजेड सर्वांत जास्त वेळ टिकतो. त्या उजेडावर उडणारा जीव काळ्या आकृतीसारखा स्पष्ट उठून दिसतो. तोच जीव झाडाच्या किंवा भिंतीच्या पार्श्वभूमीवर गेला की तुमच्यासाठी नाहीसा होतो. नजरेच्या टप्प्यात झाडांची कड, पाण्याचा साठा किंवा रस्त्यावरचा दिव्याचा खांब यांपैकी काही असेल तर उत्तम, कारण किडे तिथे गोळा होतात आणि वटवाघळं किड्यांच्या मागे येतात.

घरातला, निदान त्या बाजूचा, दिवा बंद करा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती मेहनत वाया जाते. म्हणून फोन खिशात राहू द्या. वहीत लिहायला उजेड लागला तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही आणि बऱ्याच प्राण्यांनाही तो पांढऱ्या उजेडाइतका खटकत नाही.

सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी बसा आणि सूर्यास्तानंतर तासभर बसून राहा. वारा नसलेली उबदार संध्याकाळ सर्वांत चांगली, पाऊस पडून थांबला असेल तर आणखी चांगली. जोराच्या वाऱ्यात आणि कडक थंडीत किडे उडत नाहीत, त्यामुळे वटवाघळंही फारशी बाहेर पडत नाहीत. अशा दिवशी काही दिसलं नाही तरी ती नोंदच आहे. वहीत शून्य लिहा.

दुर्बीण असेल तर ती पहिल्या काही संध्याकाळी आतच ठेवा. उडत्या वटवाघळामागे दुर्बीण फिरवताना हाती काहीच लागत नाही. उघड्या डोळ्यांनी आभाळाचा मोठा तुकडा एकदम नजरेत ठेवणं हे आधी जमायला हवं.

हे वटवाघूळच कशावरून?

संध्याकाळी पाकोळ्या आणि भिंगऱ्याही आभाळात किडे टिपत असतात, आणि काही भागांत तर लहान वटवाघळांनाही पाकोळीच म्हणतात. त्यामुळे गोंधळ होतो. पंख बघा. पाकोळी पक्ष्याचे पंख कोयत्यासारखे बाकदार आणि ताठ असतात. तो चार-सहा वेळा पंख मारतो आणि मग पसरून तरंगत जातो. लहान वटवाघूळ जवळजवळ सतत फडफडत असतं आणि अचानक दिशा बदलतं, जणू कुणी दोरीने हिसका दिला. दोघांच्या वेळाही एकमेकांत थोड्याच मिसळतात. पाकोळ्या खाली उतरून दिसेनाशा होत असताना वटवाघळं निघू लागतात. त्या दहा मिनिटांत दोघं एकाच आभाळात दिसतात, आणि फरक शिकायला याहून चांगला वर्ग नाही.

वटवाघूळ खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी आहे. त्याचा पंख म्हणजे हात. चार लांबलचक बोटांमध्ये ताणलेली पातळ कातडी आणि मोकळा ठेवलेला अंगठा, असा तो पंख असतो. या प्राण्यांच्या गणाचं कायरोप्टेरा हे शास्त्रीय नाव ग्रीक शब्दांवरून आलं आहे आणि त्याचा अर्थच ‘हाताचे पंख’. इतक्या झटक्यात वळता येतं ते या बोटांमुळे, कारण पंखाचा आकार उडता उडता बदलता येतो. जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती माहीत आहेत. सस्तन प्राण्यांची दर पाचातली एक जात वटवाघळाची आहे.

नवख्या माणसाने सुरुवातीला दोनच गट ध्यानात ठेवावेत. पहिला गट किडे खाणाऱ्यांचा. ही बहुधा लहान, मुठीत मावतील एवढी असतात, भिंतीच्या फटीत, छपराखाली किंवा झाडाच्या ढोलीत राहतात आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. दुसरा गट फळं आणि मध खाणाऱ्यांचा. यांचे डोळे मोठे, तोंड कोल्ह्यासारखं लांबट. यातल्या बहुतेक जाती प्रतिध्वनी वापरत नाहीत, त्या नजरेवर आणि वासावर चालतात. रुसेटस नावाची फळखाऊ वटवाघळं मात्र जिभेने टकटक आवाज काढून अंधाऱ्या गुहेत वाट शोधतात. मोठी फळखाऊ वटवाघळं संथ, सरळ रेषेत, खोलवर पंख मारत जातात, कावळा घरी निघाल्यासारखी. फळझाडाखाली सकाळी चघळून टाकलेल्या चोथ्याच्या गोळ्या सापडल्या तर ती यांची खूण. फळ टाळूवर दाबून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा ही त्यांची रीत आहे.

याच्या पुढे जाऊन नेमकी जात सांगायची घाई करू नका, कारण नजरेने जात ओळखणं अनुभवी लोकांनाही अनेकदा जमत नाही. युरोपात घराघरांत राहणारं पिपिस्ट्रेल हे सर्वांत परिचित वटवाघूळ कित्येक पिढ्यांनी एकच जात समजून पाहिलं. १९९०च्या दशकात लक्षात आलं की काहींचा आवाज ४५ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४५ हजार कंपनांच्या) आसपास असतो आणि काहींचा ५५ च्या. त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. तेव्हा नावाऐवजी वागणं टिपा. किती उंचीवर उडतं? दिव्याभोवती घिरट्या घालतं की अंधाऱ्या पानांच्या कडेने जातं? पाण्याला पोट टेकवत पाणी पितं का? एकटं आहे की ओळीने येतात?

ऐकून पाहणं

वटवाघळांची शिकार आपल्या डोळ्यांपुढे घडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तसा त्याहून कमी. किडेखाऊ वटवाघळांचे आवाज बहुतांशी याच्या वरचे असतात.

हे कळायलाही फार काळ गेला. इटलीतल्या लाझारो स्पालांझानी या शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये पाहिलं की मिट्ट अंधारात घुबड धडपडतं, वटवाघूळ मात्र सहज उडतं. डोळे निकामी केले तरीही. लुई ज्युरीन या स्विस डॉक्टरने कान बंद केले, तेव्हा मात्र वटवाघळं अडथळ्यांवर आदळू लागली. कानाने कशी वाट दिसते हे कुणालाच सांगता येईना, म्हणून पुढची शंभरेक वर्षं ही गोष्ट बाजूला पडली. १९३८ मध्ये हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने अतिउच्च आवाज पकडणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळं नेली आणि तो आवाज पहिल्यांदा माणसाच्या कानी पडला. त्या प्राण्यांवर झालेले ते जुने प्रयोग आज वाचताना त्रास होतो. आपल्याला तेच ज्ञान कुणालाही न दुखावता, खुर्चीत बसून मिळतं, याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलं आहे.

त्यासाठी लागतो बॅट डिटेक्टर. सर्वांत साधा प्रकार हेटरोडाइन. त्यावर एक चकती असते, ती फिरवून आपण ठरावीक कंपनसंख्या निवडतो आणि तिच्या आसपासचा आवाज ऐकू येण्याजोगा होऊन बाहेर पडतो. सुरुवातीला ४५ वर ठेवा. काही आलं नाही तर हळूहळू २० पासून ६० पर्यंत फिरवत राहा. आवाज सापडला की चकती थोडी मागेपुढे करा. कोरडी टिकटिक जिथे सर्वांत खालच्या, भरीव ‘थप थप’ आवाजात बदलते, तिथे त्या वटवाघळाच्या हाकेचा जोर असतो. तो आकडा वहीत घ्या. नालाच्या आकाराचं नाक असलेल्या वटवाघळांचा आवाज मात्र टिकटिक नसतोच, तो बासरी थरथरत वाजावी तसा सलग येतो.

डिटेक्टर चालू आहे का ते बघायला त्याच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा हलवा. धातूच्या खळखळाटातही आपल्याला न ऐकू येणारे उंच आवाज असतात, यंत्र लगेच खडखडतं.

मग वाट बघा ती शिकारीच्या आवाजाची. शोधात असताना वटवाघूळ सेकंदाला दहाएक हाका देत असतं. किडा सापडला की हाका जवळजवळ येऊ लागतात, आणि झडप घालायच्या शेवटच्या क्षणी काही जातींत त्या सेकंदाला दोनशेच्या घरात जातात. यंत्रातून ते कापड टर्रकन फाटल्यासारखं ऐकू येतं. त्यानंतर एक शांतता. नजर वर असेल तर त्याच क्षणी ते वळलेलंही दिसतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि अजूनही येतो.

नुसत्या मोबाइलच्या माइकवर हे काम होत नाही. फोन सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो आणि नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज नोंदवता येतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंत. वटवाघळांसाठी २,५६,००० किंवा ३,८४,००० नमुने घेणारा वेगळा माइक फोनला जोडावा लागतो, किंवा ऑडिओमॉथसारखं छोटं रेकॉर्डर रात्रभर झाडाला बांधून ठेवता येतं. आवाजाचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर मग जातीचं नाव सुचवतं. ती सूचना म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. आणि डिटेक्टर घ्यायच्या आधी महिनाभर नुसतं डोळ्यांनी बघा, म्हणजे यंत्रातून येणारा आवाज कशाचा ते समजेल.

कुठून येतात आणि किती

काही संध्याकाळी बसल्यावर लक्षात येईल की पहिलं वटवाघूळ बहुतेक वेळा एकाच दिशेने येतं. दुसऱ्या दिवशी त्या दिशेला तीस-चाळीस पावलं पुढे जाऊन बसा. तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. असं मागे मागे जात त्यांच्या वसतीपर्यंत पोचता येतं. पहाटे उठायची तयारी असेल तर काम आणखी सोपं होतं. उजाडायच्या आधी परतणारी वटवाघळं आत शिरण्यापूर्वी बराच वेळ दाराशी घिरट्या घालतात. एखाद्या भिंतीच्या कोपऱ्याशी सकाळच्या फिकट उजेडात आठ-दहा वटवाघळं गोल फिरताना दिसली की समजावं, फट तिथेच आहे. लहान जातींना दीड-दोन सेंटिमीटरची फट पुरते.

दिवसा त्या फटीखाली बघा. भिंतीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर काळ्या बारीक लेंड्या चिकटलेल्या असतात. उंदराच्या लेंड्यांशी गल्लत होऊ शकते, म्हणून काडीने एक चिरडून बघा. वटवाघळाची लेंडी भुसभुशीत होऊन तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसतात. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते, अशी भुगा होत नाही.

वसती सापडली की मोजणी करता येते. फटीपासून बाजूला, उडायच्या वाटेत येणार नाही असं बसा, म्हणजे बाहेर पडणारं वटवाघूळ आभाळावर उठून दिसेल. सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटं सुरुवात करा, शेवटचं बाहेर पडल्यावर दहा मिनिटं थांबा. बाहेर पडलेल्यांतून परत आत गेलेली वजा करा. दोघं असाल तर एकाने फक्त मोजावं, दुसऱ्याने वेळ आणि आकडा लिहावा, कारण लिहायला मान खाली घातली की तीन निसटतात. फटीवर टॉर्च मारायची नाही. दारात उजेड असला की ती उशिरा निघतात, आणि किड्यांचा सर्वांत दाट वेळ संध्याकाळचाच असल्यामुळे तेवढा घास चुकतो.

ही काळजी मी पुन्हा पुन्हा सांगतो, त्याला कारण आहे. उंदरांसारखी यांची झपाट्याने भरती होत नाही. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, आणि ते पिल्लू जन्मतःच आईच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं असू शकतं. उलट आयुष्य मात्र लांब. सैबेरियात खूण केलेलं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं, आणि त्या प्राण्याचं वजन सात-आठ ग्रॅम असतं. अशा संथ पैदाशीच्या प्राण्यांची एक वसती उठली तर ती भरून यायला फार काळ लागतो. विणीच्या दिवसांत फट बुजवली तर आत अडकलेली पिल्लं उपाशी मरतात. घराची डागडुजी करायची असेल तर आधी आपल्याकडचा कायदा बघा. बऱ्याच देशांत वटवाघळांना आणि काही ठिकाणी त्यांच्या राहत्या जागेलाही संरक्षण आहे.

दिव्याखालची आणि पायाखालची मंडळी

वटवाघळांसाठी बसलात की बाकीचेही दिसू लागतात. मला तर वाटतं, घराबाहेरचा एक दिवा नीट पाहिला तरी महिनाभर पुरतो. पतंग येतात, भुंगेरे येतात, त्यांच्यासाठी पाल येते, खाली पडलेल्यांसाठी बेडूक येतो, आणि वरून वटवाघूळ झेप घेतं. कोण कुणाच्या आधी येतं ते लिहायला लागा.

पतंगांवर एक साधा प्रयोग करता येतो. दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाजवळ किल्ल्या खळखळवा. बऱ्याच जातींच्या पतंगांना वटवाघळाची हाक ऐकू येण्यापुरते कान असतात. किल्ल्यांचा आवाज त्यांना शत्रूचा वाटतो आणि काही जण पंख मिटून दगडासारखे खाली पडतात, काही वेडेवाकडे वळतात. वाघपतंग म्हणजे रंगीबेरंगी टायगर मॉथ यांच्यातले काही त्याहून पुढचे. ते स्वतःच टकटक आवाज करून वटवाघळाला उत्तर देतात, ‘मी खायला वाईट आहे’ अशा अर्थाने, आणि त्यांच्यातली एक जात तर त्या आवाजाने वटवाघळाचा अंदाजच चुकवते. प्रयोग एक-दोनदा करून थांबा. रात्रभर पतंगांना घाबरवत बसू नये.

पांढरी चादर ताणून तिच्यामागे दिवा लावला की पतंग जवळून पाहता येतात. तासाभरात दिवा बंद करा आणि चादर हलक्या हाताने झटकून त्यांना झुडपात सोडा. चादर सकाळपर्यंत तशीच राहिली तर पक्ष्यांना आयतं ताट मिळतं.

आता टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि गवतावर उजेड टाका. हिरवट-निळसर ठिणग्या चमकतील. दवबिंदू वाटतात, पण जवळ जात राहिलात तर प्रत्येक ठिणगीमागे एक कोळी निघतो, जाळं न विणता जमिनीवर शिकार करणारा. डोळ्यांच्या मागचा चमकदार पडदा उजेड आला तसा परत पाठवतो, म्हणून टॉर्च कमरेशी धरली तर हे दिसत नाही. कधी पाठीवर पिल्लांचा थर घेऊन चाललेली मादी भेटते. मुलांना बरोबर घ्या, त्यांची उंची या कामाला आपल्यापेक्षा सोयीची असते.

जवळपास घुबड असेल तर झाडाखाली किंवा जुन्या भिंतीखाली राखाडी, केसाळ गोळ्या सापडतात. घुबड भक्ष्य बहुधा अख्खंच गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून बाहेर टाकतं. हातमोजे घालून गोळी कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने सोडवा. उंदराची कवटी, चिचुंद्रीचा जबडा, पक्ष्याचं हाड असं एकेक निघतं. घुबड न दिसताही त्याने गेल्या काही रात्रींत काय खाल्लं ते हातात येतं.

रात्री अंगणातून कोण जातं हे कळायला महागडं काही लागत नाही. उथळ ट्रेमध्ये चाळलेली बारीक वाळू पसरा, किंचित ओली करा, पट्टीने सपाट करा आणि भिंतीच्या कडेला ठेवा, कारण लहान प्राणी मोकळ्यावरून न जाता कडेकडेने जातात. सकाळी ठसे मोजा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या उमटत नाहीत, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतं. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात आणि मागच्याला पाच. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

आपोआप फोटो काढणारा ट्रेल कॅमेरा घेतलात तर तो गुडघ्याच्या उंचीवर, वाटेशी थोडा तिरपा लावा. नाकासमोर येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन. पुढचं गवत आणि हलणाऱ्या फांद्या कापा, नाहीतर कार्ड भरून वारा मिळेल. कॅमेऱ्याच्या टप्प्यात शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी येत नाही ना, तेही बघा.

हात लावायचा नाही

हा भाग दोनदा वाचा. वटवाघूळ, जिवंत असो वा मेलेलं, उघड्या हाताने उचलू नका. काही वटवाघळांमध्ये रेबीजचा किंवा त्याच्या जवळच्या गटातला विषाणू असू शकतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्याला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घेण्याबद्दल विचारा. लहान वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसतही नाही. त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर, काही झालं नसेल असं वाटलं तरी, डॉक्टरांना सांगा.

हे घाबरून जाण्यासाठी नाही. अंगणात बसून पाहणाऱ्याला वटवाघळापासून धोका नाही. ते केसात अडकत नाही, डोक्याजवळून गेलं तर तुमच्याभोवती जमलेल्या किड्यांसाठी गेलेलं असतं, आणि ते आंधळंही नाही.

खोलीत शिरलं तर झाडू घेऊन मागे लागू नका. आतलं दार बंद करा, खिडक्या पूर्ण उघडा, पंखा आणि दिवा बंद करा, माणसं आणि मांजर बाहेर काढा आणि शांत बसा. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते स्वतःच निघून जातं. जमिनीवर पडलेलं दिसलं तर जाड कातडी हातमोजे घालून किंवा खोक्याने झाकून, खाली पुठ्ठा सरकवून उचला. भोकं पाडलेल्या खोक्यात एक फडकं आणि बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा आणि वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांना कळवा. हवेत भिरकावून ‘उडवायला’ जाऊ नका. बऱ्याच जातींना सपाट जमिनीवरून उडता येत नाही, उंचावरून सुटावं लागतं, आणि जखमी असेल तर ते नुसतं आपटेल.

साचलेली वाळकी विष्ठा झाडूने उडवू नका. अशा ढिगांत हिस्टोप्लाझ्मोसिस या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी वाढू शकते. आधी पाणी शिंपडा, मास्क आणि हातमोजे घाला, मग भरा. वटवाघळाने कुरतडलेलं फळ खाऊ नका, कितीही चांगलं दिसलं तरी.

त्यांना यावंसं वाटावं म्हणून

लाकडी पेटी टांगण्याआधी दिवे कमी करा. दिव्याभोवती शिकार करणारी वटवाघळं थोडी, उजेड टाळणारी अनेक. दिव्याचं तोंड खाली, रंग पिवळसर, आणि गरज नसेल तेव्हा बंद. कीटकनाशकं फवारणं थांबवा. रात्री फुलणारी, वासाची फुलझाडं लावा, म्हणजे पतंग येतील. उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात एक दगड तिरपा टाका, पडलेला बेडूक किंवा मधमाशी त्यावरून वर येईल. मांजर पाळत असाल तर सूर्यास्ताच्या आधीच्या अर्ध्या तासापासून ते घरात ठेवा. वसतीची जागा कळलेलं मांजर रोज तिथे जाऊन बसतं.

पेटी लावायचीच तर आतलं लाकूड खरबरीत आणि रंग न दिलेलं हवं, तोंड खाली उघडं, आणि जमिनीपासून किमान चार मीटर उंच. कडक उन्हाच्या भागात दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा, नाहीतर आत भट्टी होते. रिकामी राहिली तर दोन-तीन वर्षं हलवू नका.

वही

मोबाइलचं ॲप चांगलंच, आयनॅचरलिस्टवर फोटो टाकले तर जाणकार नाव सुचवतात. वसतीचा नेमका पत्ता मात्र सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. तरीही कागदाची वही हवी, कारण ॲपमध्ये आपण दिसलेलंच टाकतो, न दिसलेलं टाकत नाही. तारीख, सूर्यास्ताची वेळ, बसल्याची आणि उठल्याची वेळ, हवा, आणि मग जे घडलं ते. माझ्या वहीतली एक संध्याकाळ अशी आहे:

‘सूर्यास्त ६.५२. बसलो ६.३५. वारा नाही, दुपारी पाऊस येऊन गेला. पाकोळ्या ७.०४ पर्यंत. पहिलं वटवाघूळ ७.०९, नेहमीच्या कोपऱ्यावरून, कालच्यापेक्षा तीन मिनिटं आधी. ७.४० पर्यंत १४ बाहेर, १ आत. दिव्याखाली पाल दोन, मोठीने लहानीला हाकललं. बेडूक आज आला नाही. ७.५५ ला उठलो.’